शाळेचे मैदान आणि महाविद्यालयाची वेस

रायपूरची पुरानी बस्ती म्हणजे त्या शहराचा मूळ गाभा. महामायेचे मंदिर आणि दूधाधारी मठ यांच्या भोवती ही वस्ती वाढली. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडात मराठी घराणी आली आणि येथलीच होऊन राहिली. अशा वस्तीतील एखादा मुलगा शाळेच्या मैदानावर चमकला, तर पुढे त्याने काय करावे, हा प्रश्न १९३८ पर्यंत अवघडच होता. रायपुरात छत्तीसगड महाविद्यालय निघाले ते त्या वर्षी. तोपर्यंत उच्च शिक्षणासाठी नागपूर वा जबलपूर गाठावे लागे, आणि शाळेत मिळविलेले नाव गावातच ठेवून जावे लागे. नव्या शहरातील संघनायकाला ते नाव ठाऊक नसे. त्याने या मुलाला कशावरून पारखावे?

ही पारख सर्वत्रच कठीण असते. अमेरिकेत चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळालाच फुटबॉल म्हणतात. तेथे शालेय खेळाडूंची ताऱ्यांनी प्रतवारी लावणाऱ्या संस्था आहेत, आणि महाविद्यालये शिष्यवृत्ती देऊन होतकरू मुलांना आपल्याकडे ओढून घेतात. आपल्याकडे एवढा व्याप कोणी केला नाही. तथापि शाळा, महाविद्यालय आणि त्यापुढील खेळ अशा चढत्या पायऱ्या मुंबईच्या क्रिकेटने फार पूर्वीच बांधल्या. शाळांसाठी हॅरिस ढाल व जाइल्स ढाल, विद्यापीठांसाठी १९३५ पासून रोहिंटन बारिया करंडक, आणि त्याच्या वर रणजी सामने. एका पायरीवरचा मुलगा दुसऱ्या पायरीवर कसा उतरला, हे तेथे ताडून पाहता येते.

सरळ रेषेतले उदाहरण सुनील गावसकरांचे. १९६६ साली ते भारतातील सर्वोत्कृष्ट शालेय क्रिकेटपटू ठरले. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय, मुंबई विद्यापीठ आणि १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये एकाच मालिकेत ७७४ धावा. एवढे वाचले की शाळेतील यश हेच भविष्याचे प्रमाण वाटू लागते. परंतु या रेषेतही एक खाच आहे. रणजी पदार्पणात गावसकर शून्यावर बाद झाले, आणि मामा माधव मंत्री निवड समितीत असल्यामुळेच हा मुलगा संघात आला, अशी कुजबुज सुरू झाली. त्या कुजबुजीला उत्तर शालेय धावांनी दिले नाही. ते पुढच्या शतकांनी दिले.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. मुलाने अभियंता व्हावे अशी अजित वाडेकरांच्या वडिलांची इच्छा होती. शालेय क्रिकेटमध्ये नाव मिळविलेले नसताना वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात दाखल झाले. बसच्या प्रवासात बाळू गुप्ते यांनी त्यांना महाविद्यालयाच्या संघात बारावा गडी म्हणून येण्यास सुचविले. भत्ता दिवसाला तीन रुपये! त्या तीन रुपयांच्या निमित्ताने वाडेकर मैदानावर आले. याच तरुणाने रोहिंटन बारिया स्पर्धेत दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावा काढल्या, आणि १९७१ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोघांना त्यांच्या भूमीवर हरविले. शाळेच्या गुणपुस्तकावरून संघ निवडला असता, तर हा कर्णधार गणनेतच आला नसता.

तिसरी कथा तिघांची आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी रचली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्यांच्यानंतर खेळायचा होता अमोल मुझुमदार. तो पॅड बांधून बसून राहिला. एक शाळा, एक गुरू रमाकांत आचरेकर, एक सामना. पण वाटा तीन झाल्या. तेंडुलकर महाविद्यालयाची पायरी ओलांडून सोळाव्या वर्षीच कसोटीत पोहोचले आणि दोनशे कसोटी सामने खेळले. कांबळींनी सतरा कसोटींत ५४ हून अधिक सरासरी राखली, तरी १९९५ नंतर ते कसोटीत दिसले नाहीत. मुझुमदारांनी रणजी पदार्पणातच २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांचा टप्पा ओलांडला, पण भारतासाठी त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. २०२५ साली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते.

या तीन कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शालेय धावसंख्या मुलाविषयी जेवढे सांगते, तेवढेच ती समोरच्या गोलंदाजीविषयी सांगते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या एका शालेय सामन्यात एका मुलाने नाबाद १००९ धावा काढल्या. प्रतिस्पर्धी संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले होते. तो पराक्रम खराच; पण त्याचे मोल करताना हे दोन आकडेही विचारात घ्यावे लागतात. शिवाय पंधराव्या वर्षी एकाची उंची वाढलेली असते, दुसऱ्याची वाढावयाची असते. म्हणून पारख करणाराने मुलाने किती धावा केल्या याबरोबर त्या कोणाविरुद्ध केल्या, आणि शून्यावर बाद झाल्यावर पुढे काय केले, हेही विचारावे. तसेच, ज्याला शाळेत संधीच मिळाली नाही त्याच्यासाठी संघात एखादी जागा मोकळी ठेवावी.

२००० साली छत्तीसगड राज्य झाले, आणि २०१६ च्या हंगामापासून त्याचा संघ रणजी स्पर्धेत उतरला. पुरानी बस्तीतल्या मुलाला आता आपले नाव गावी ठेवून जावे लागत नाही. परंतु त्याच्या महाविद्यालयाच्या संघनायकापुढचा प्रश्न १९३८ पूर्वी होता तोच आहे. कागदावरची नावे वाचून झाली की बारावा गडी म्हणून कोणाला बोलवावयाचे, हे शेवटी त्यालाच ठरवावे लागते.