गिरणी संप आणि मान्यतेचं कोडं

लोअर परळला नोकरी करणाऱ्यांना ना. म. जोशी मार्ग चांगलाच ठाऊक असतो, मुख्यतः ट्रॅफिकमुळे. जुने लोक त्याला अजून डिलाइल रोडच म्हणतात. पण हे जोशी कोण, असं विचारलं की आपण गप्प. मला हे गृहस्थ भेटले ते १९८२ च्या गिरणी संपाबद्दल वाचताना. त्यांच्यापासून सुरुवात केली की तो संप जरा वेगळाच दिसायला लागतो. म्हणून या वीकएंडला हे पुराण :-)

गोष्ट सुरू होते मद्रासमध्ये. १९१८ साली बी. पी. वाडिया यांनी तिथे मद्रास लेबर युनियन काढली. १९२० मध्ये बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीत झगडा पेटला तेव्हा मालक थेट हायकोर्टात गेले. युनियनच्या पुढाऱ्यांमुळे आमचं नुकसान झालं, असा दावा. कोर्टाने मनाई हुकूम दिला, आणि शेवटी तडजोड झाली ती वाडियांनी युनियनशी संबंध तोडायच्या अटीवर. म्हणजे युनियन चालवली म्हणून भरपाईचा दावा अंगावर!

हे बघून ना. म. जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव आणला की युनियनला कायद्याचं संरक्षण हवं. त्यातून यथावकाश १९२६ चा ट्रेड युनियन्स ॲक्ट आला. सात जणांनी अर्ज करायचा, नोंदणी करायची, की असल्या दाव्यांपासून सुटका.

पण गोम अशी की नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर नोंदणी म्हणजे युजर अकाउंट तयार झालं, पण ॲक्सेस राइट्स काहीच नाहीत. मालकाने या युनियनशी बोललंच पाहिजे, असं १९२६ च्या कायद्यात कुठेच नव्हतं. १९४७ मध्ये मान्यता सक्तीची करणारी दुरुस्ती मंजूर झाली खरी, पण ती कधी अमलातच आली नाही.

मुंबईने मात्र आपला वेगळा रस्ता काढला. १९३८ मध्ये खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणलं. संपावर बंधनं घालणाऱ्या या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात बाबासाहेब आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. एरवी या दोघांचं फारसं पटत नसे, हे लक्षात घ्या. विधेयक तरीही पास झालं. मग १९४६ मध्ये त्याच्या जागी बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट आला. मजूरमंत्री होते गुलझारीलाल नंदा, अहमदाबादच्या मजूर महाजनात तयार झालेले.

या कायद्याने मान्यतेचा प्रश्न सोडवला, पण कसा? एका भागात, एका उद्योगात, एकच 'प्रातिनिधिक' युनियन. त्यासाठी ठरावीक टक्के सभासद दाखवायचे (पुढे हा आकडा २५ होता). एकदा तो दर्जा मिळाला की वाटाघाटी, करार, कोर्टकचेरी सगळं तिच्यामार्फत. सिंगल पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट म्हणा ना. यामागचा विचार अगदीच वाईट नव्हता. एका गिरणीत चार युनियन असल्या की मालक त्यांना एकमेकींवर घालतो, आणि कामगाराच्या हाती काही लागत नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत हा दर्जा होता इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. मोजणी व्हायची ती सभासदत्वाची, गुप्त मतदान नाही. आणि एकक होतं अख्ख्या मुंबईतला कापड उद्योग. म्हणजे एखाद्या गिरणीतल्या सगळ्याच्या सगळ्या कामगारांना दुसरी युनियन हवी असली तरी उपयोग शून्य. आधी शहरभरातल्या पन्नास-साठ गिरण्यांत सभासद जमवून दाखवा, मग बोलू!

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून खदखद झाली, आणि स्टँडर्ड मिलचे कामगार घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणं होतं, आणि मुख्य म्हणजे हा १९४६ चा कायदाच रद्द करा, हीही मागणी होती. आपण हा संप पगाराचा म्हणून लक्षात ठेवतो, पण माझ्या मते त्याचा गाभा या शेवटच्या मागणीत आहे. कामगार ज्याच्या मागे होते त्याला कायद्याने खुर्ची नव्हती, आणि ज्याला खुर्ची होती त्याच्यामागे ते नव्हते. मालक आणि सरकार दोघांनाही म्हणता आलं, की मान्यताप्राप्त युनियन आहे ना, मग सामंतांशी बोलायचं कशाला?

संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक गावी गेले ते परतले नाहीत. गिरण्या बुडायला जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे भाव अशी इतरही कारणं होती, सगळं संपावर ढकलू नये. पण पुढे गिरण्या बंद होताना, स्वेच्छानिवृत्तीचे करार होताना, कामगारांच्या वतीने सही करण्याचा हक्क पुन्हा त्याच मान्यताप्राप्त संघाकडे राहिला. एका टक्केवारीची किंमत एवढी.

आता आपल्याकडे या. आयटीत कुठली युनियन, असं तुम्ही म्हणाल. पण २०२० ची औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आहे, आणि तिच्यात पुन्हा आकडे आहेतच. अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के जिच्यामागे ती एकमेव वाटाघाटी करणारी. तेवढे कोणाकडेच नसतील तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद. वाचायला सुटसुटीत आहे. पण हजेरीपटावर कोण आहे आणि कंत्राटी म्हणून बाहेर कोण राहिलं, मोजायचं कसं, आणि पाठिंबा काढून घ्यायचा झाला तर काय, खरी भानगड तिथेच असते.

असो. पुढच्या वेळी जोशी मार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर वेळ घालवायला एवढं पुरेल. तुमच्या घरात कोणी गिरणीत असेल तर त्यांना जरूर विचारा, तुमच्या खात्यात तेव्हा कोणाची युनियन होती? आणि तुम्ही कोणाच्या बाजूचे होतात?