जळल्या वखारीची किंमत

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले आणि त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने पहिल्याहूनही भयंकर असा दुसरा स्फोट झाला. जहाजाच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. त्याच्याच शेजारी कराचीस भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या, आणि सोन्याच्या विटांच्या एकतीस पेट्याही होत्या. कापूस आणि दारू यांचा शेजार शहाणा माणूस घडू देणार नाही. पण युद्धकाळात जागेची टंचाई शहाणपणाला पुरून उरली. दोनच्या सुमारास कापसात धूर दिसला, आग विझवावयास बंब धावले, आणि त्या बंबांवरील ६६ जवान स्फोटात नाहीसे झाले. १४ एप्रिलपासून देशभर जो अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्याच स्मृतीसाठी. एकंदर मृतांची संख्या आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळी दिली जाते. स्फोटाची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली, आणि सोन्याची एक वीट उडून दूरच्या एका पारशी गृहस्थाच्या छपरातून घरात पडली. त्यांनी ती सरकारजमा केली.

आग विझली, प्रेते उचलली गेली, ढिगारे उपसण्यास सुमारे आठ हजार माणसे लागली, त्यांचे काम सात महिने चालले. हे सारे इतिहासात नमूद आहे. परंतु या सर्वांबरोबर आणखी एक काम सुरू झाले होते, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. मांडवीतील वखारींत काय होते, किती होते, आणि त्याची किंमत काय होती, हे आता कोण सांगणार? धान्याच्या राशी जळाल्या होत्या, हिशेबाच्या चोपड्याही त्यांच्याबरोबर जळाल्या होत्या, आणि कित्येक ठिकाणी चोपडी लिहिणारा मुनीमही उरला नव्हता.

प्रश्न केवळ ‘किती’ एवढाच नव्हता. ‘कशाने’ हा त्याहून बिकट होता. त्या काळच्या सामान्य अग्नि-विम्यात स्फोटाने झालेली हानी वगळलेली असे. मग एखादी वखार प्रथम हादऱ्याने कोसळली आणि मागाहून पेटली, की पेटत असतानाच कोसळली? युद्धाच्या जोखमीसाठी सरकारने १९४० साली मालाच्या व १९४२ साली कारखान्यांच्या विम्याची व्यवस्था वटहुकुमांनी केलेली होती; पण ती शत्रूच्या कृत्यासाठी. येथे तर चौकशी आयोगाला शत्रूचा हात दिसला नाही. कोणाच्या तरी विडीसिगारेटचे थोटूक कारणीभूत झाले असावे, असा अंदाज निघाला. म्हणजे व्यापाऱ्याच्या हाती दोन विमापत्रे असूनही दोहोंच्या मधल्या फटीत त्याचा माल जळाला होता. अखेर त्याच वर्षी ‘मुंबई स्फोट (नुकसानभरपाई) वटहुकूम’ काढून भरपाईची जबाबदारी सरकारला पत्करावी लागली. तरीही प्रत्येक दाव्याची छाननी करून आकडा ठरविणे कोणालाच चुकले नाही.

हा आकडा ठरविणारा माणूस आज ‘सर्व्हेअर’ या नावाने ओळखला जातो. त्याचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे.

आपल्याकडे नुकसानीची पाहणी करण्याची कल्पना नवी नाही. ‘पाहणी’ हा शब्दच मुळी जुन्या महसूल-व्यवस्थेतला. पाऊस ओढ धरी किंवा फौज शेतातून जाई, तेव्हा उभ्या पिकाची पाहणी होऊन साऱ्यात सूट मिळे. गावचे पंच बांधावर उभे राहून जे पाहत, तेच पुढे कागदावर उतरे. ‘पंचनामा’ हा शब्द आजही दाव्याच्या पहिल्या पानावर असतो. व्यापारात याहून सूक्ष्म अशी एक युक्ती होती. गुजरातच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत ‘जोखमी हुंडी’ चाले. माल बंदरास सुखरूप पोहोचला तरच ही हुंडी पटावयाची. जहाज बुडाले तर पैसे देणाऱ्याचे पैसेही त्याच्याबरोबर बुडाले. कर्ज आणि विमा यांचा असा संसार एकाच कागदावर थाटलेला होता. मात्र तीत नुकसानीचे मोजमाप करण्याची वेळच येत नसे, कारण माल एकतर आला किंवा बुडाला. अर्धा भिजलेला, पाव जळलेला, वासाने खराब झालेला माल हाच खरा मापाचा विषय. आणि त्याच्या मापाचे शास्त्र वाढले ते लंडनमध्ये.

२ सप्टेंबर १६६६ रोजी लंडनच्या पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात लागलेल्या आगीने चार दिवसांत तेरा हजारांहून अधिक घरे आणि ८७ चर्च गिळली. त्या वेळी घरांचा विमा अस्तित्वातच नव्हता. भाडेकरू म्हणे, घर जळाले आता भाडे कसले. मालक म्हणे, करारात दुरुस्ती भाडेकरूकडे आहे, त्याने घर बांधून द्यावे. हे तंटे तोडण्यासाठी खास कायद्याने ‘अग्नि-न्यायालय’ स्थापन झाले. त्याच्या न्यायाधीशांनी कराराच्या अक्षराला चिकटून न बसता ज्याची ऐपत असेल त्याने बांधावे आणि दुसऱ्याने भाड्याच्या रूपाने भार वाटून घ्यावा, असे कितीतरी निवाडे दिले.

याच कामात एक मोठा शास्त्रज्ञ गुंतलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. स्थितिस्थापकतेच्या नियमामुळे शाळकरी मुलांना ठाऊक असलेला रॉबर्ट हूक हा लंडन शहराचा भूमापक नेमला गेला होता. शहर-मापकाने पायाची आखणी करून दिल्याखेरीज कोणालाही घर बांधता येत नसे. राखेत खुंट्या ठोकून हूक जुन्या पायाच्या रेषा शोधी. रस्ता रुंद करण्यात कोणाची किती जमीन गेली, ती मोजून तिचा दाखला देई. आणि त्या दाखल्यावर शहराकडून भरपाई मिळे. ही भरपाई दगडी कोळशावरच्या पट्टीतून उभारली होती. प्रत्येक आखणीची फी ठरलेली होती. हूकच्या मृत्यूनंतर त्याच्या खोलीत हजारो पौंडांनी भरलेली पेटी सापडली, ती बव्हंशी याच फीची बचत असावी असे मानले जाते. मोजणाऱ्याची फी कोण देतो, हा प्रश्न तेव्हापासूनच या धंद्याला चिकटलेला आहे. हूकची फी घरमालक देत असे, आणि दाखला शहराच्या तिजोरीवर लागू होई.

आगीनंतर सुमारे पंधरा वर्षांनी निकोलस बार्बन या वैद्यकी सोडून घरे बांधण्याच्या धंद्यात शिरलेल्या गृहस्थाने घरांच्या विम्याची कचेरी उघडली. विटांच्या घरापेक्षा लाकडी घराला त्याने दुप्पट दर लावला. दर्यावर्दी विम्यात तर मोजमापाचे काम त्याहून जुने. वादळात जहाज हलके करण्यासाठी एकाचा माल समुद्रात फेकला, तर तो तोटा जहाजावरील सर्वांनी वाटून घ्यावा, हा नियम प्राचीन आहे. त्यातला प्रत्येकाचा वाटा काढणाऱ्या तज्ज्ञांची संघटना इंग्लंडात १८६९ मध्ये झाली. सरासरी या अर्थाचा ‘ॲव्हरेज’ हा इंग्रजी शब्द मुळात बिघडलेल्या मालाच्या अरबी नावावरून आला असे व्युत्पत्तिकार सांगतात. गणिताच्या तासाला हा शब्द शिकणाऱ्या मुलाला त्यामागे एक बुडते जहाज आहे, याची कल्पनाही नसते.

या मोजमापाची सर्वांत कठोर परीक्षा मात्र सॅन फ्रान्सिस्कोने घेतली. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी तेथे भूकंप झाला आणि नंतर तीन दिवस शहर जळत राहिले. सुमारे अठ्ठावीस हजार इमारती गेल्या, निम्म्याहून अधिक वस्ती बेघर झाली. विमा आगीचा होता, भूकंपाचा नव्हता. बहुतेक विमापत्रांत आणखी एक मेख होती: इमारत किंवा तिचा काही भाग आगीखेरीज अन्य कारणाने पडला, की त्या क्षणी विमा संपला. म्हणजे भूकंपाने घराची एक भिंत पडली आणि दुपारी घर जळाले, तर कंपनीच्या मते ते घर जळण्यापूर्वीच विम्याबाहेर गेलेले होते. भूकंपाने मोडलेली स्वतःची घरे लोकांनी स्वतःच पेटविली, अशा हकीकती त्या काळच्या कागदपत्रांत आहेत. त्यांना चोर म्हणावे की शहाणे म्हणावे, याचा निकाल सोपा नाही.

देशभरातून नुकसान-मापक तेथे गोळा झाले. घर आगीपूर्वी उभे होते की नव्हते, यासाठी शेजाऱ्यांच्या शपथा घेण्यात आल्या. भूकंपानंतर आणि आग पोहोचण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांना पुराव्याचे मोल आले. काही कंपन्यांनी डॉलरास डॉलर मोजून दिला. काहींनी सरसकट चतुर्थांश कापून पाऊण रक्कम देऊ केली, आणि लोकांनी त्यांना ‘पाऊण डॉलरवाल्या’ हे नाव ठेवले. काहींनी हात वर केले, काही बुडाल्या. ‘फायरमन्स फंड’ या तेथल्याच कंपनीची तर स्वतःची कचेरी दप्तरासकट जळाली. विमेदार सांगतील त्यावर भिस्त ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. तिने दावे निम्मे रोखीने आणि निम्मे आपल्या भागांच्या रूपाने फेडले आणि ती जगली. लॉइड्समधील कथबर्ट हीथ यांनी आपल्या प्रतिनिधीला तार करून, विमापत्रातील अटी काहीही असोत, सर्व विमेदारांना पूर्ण रक्कम द्या, असे कळविले. त्या तारेने त्यांचे पैसे पुष्कळ गेले, पण अमेरिकेत लॉइड्सचे नाव त्यानंतरच घरोघर झाले. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियाने अग्नि-विम्याचा एकच प्रमाण नमुना कायद्याने ठरवून दिला, तो या अनुभवानंतरच.

भारतात विम्याचा सर्वंकष कायदा १९३८ चा. परंतु नुकसान मोजणारा कोण असावा, याविषयी सक्तीची व्यवस्था तीस वर्षांनी, १९६८ च्या दुरुस्तीने आली. तिने कायद्यात ‘६४ यूएम’ हे कलम घातले. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक नुकसानीचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाखेरीज कंपनीला निकालात काढता येऊ नये, असे त्या कलमाने ठरविले. ही मर्यादा पुढे नियमांनी वाढविण्यात आली. पुढे १९७२ च्या कायद्याने १०७ विमा व्यवसायिकांचे एकत्रीकरण होऊन १९७३ च्या प्रारंभापासून चार सरकारी कंपन्या सर्वसाधारण विम्याचा व्यवहार पाहू लागल्या, आणि १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या. सर्व्हेअरची सक्ती मात्र या सर्व उलथापालथीत टिकली.

या माणसाचे आसन मोठे अवघड आहे. त्याला नेमते कंपनी, फी देते कंपनी, आणि त्याने निःपक्षपाती असावे अशी अपेक्षा कायद्याची. विमेदाराला तो कंपनीचा माणूस वाटतो, कंपनीला तो विमेदाराला सामील झाल्याची शंका येते. शिवाय त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, अहवालातील आकड्याहून वेगळी रक्कम देण्याचा कंपनीचा अधिकार अबाधित राहील. या तरतुदीचा अर्थ दोन्ही बाजूंनी ओढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दोन निकालांत काही रेषा आखल्या. एकात म्हटले की, सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा खरा, पण तो अंतिम शब्द नव्हे. सबळ पुरावा असल्यास त्यापासून दूर जाता येते. दुसऱ्यात बजावले की, मनाजोगता आकडा मिळेपर्यंत कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमीत राहू नये. दुसरा नेमावयाचा तर पहिला अहवाल का नको, याची कारणे दिली पाहिजेत. या पहिल्या निकालामुळे विमेदाराने स्वखर्चाने मागविलेल्या अभियंत्याच्या किंवा मूल्यमापकाच्या अंदाजपत्रकाला ग्राहक न्यायमंचापुढे वजन आले.

सर्वांत अधिक कडूपणा उत्पन्न होतो तो मात्र फसवणुकीतून नव्हे, तर गणितातून. दहा लाखांच्या मालाचा विमा एखाद्याने हप्ता वाचविण्यासाठी पाच लाखांचाच उतरविलेला असतो. दोन लाखांचे नुकसान होते, आणि त्याला वाटते की दोन लाख तर पाचांच्या आतच आहेत. सर्व्हेअर एक लाख लिहितो. कारण निम्म्या मालाचा विमा कंपनीचा, उरलेल्या निम्म्याचा विमेदार स्वतःच विमा कंपनी, असे विमापत्र मानते. आणि तोटा त्याच प्रमाणात वाटला जातो. त्यातून पुन्हा जुन्या यंत्राची झीज वजा होते, भिजल्या मालाचे भंगार म्हणून जे येईल तेही वजा होते. हे सारे विमापत्रात छापलेले असते, पण विमापत्र वाचण्याची वेळ बहुधा नुकसान झाल्यावरच येते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर बुडाले, बेळगावच्या नदीकाठानेही तेच भोगले, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ धुऊन नेली. अशा दुकानांत शिरणारा सर्व्हेअर प्रथम मालाकडे पाहत नाही. तो भिंतीकडे पाहतो. गाळाची रेषा भिंतीवर किती उंचीवर आहे, ते मोजतो, तिचे छायाचित्र घेतो, आणि त्या रेषेखालच्या कप्प्यांत काय होते ते विचारतो. वह्या चिखलात गेलेल्या असल्या, तरी बँकेला दर महिन्याला दिलेले मालसाठ्याचे तक्ते बँकेत कोरडे असतात, कराची विवरणपत्रे सरकारदप्तरी असतात, पुरवठादाराची बिले दुसऱ्या गावी असतात. त्यांवरून दुकानातल्या मालाचा अंदाज पुन्हा उभा करता येतो. मात्र घाईने दुकान धुऊन काढून, भिजला माल नदीत ढकलून, भिंतीला चुना लावून बसलेल्या दुकानदारापाशी दाखवावयास काहीच उरत नाही. आणि रोगराईच्या भीतीने नगरपालिका तर त्याला तेच करावयास सांगत असते. म्हणून पाणी ओसरताच, झाडू हाती घेण्यापूर्वी, कंपनीला कळवून गाळाच्या रेषेसकट सगळ्या कप्प्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावी लागतात, आणि फेकावयाच्या मालाची यादी दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनिशी करावी लागते.