मोडीत जाणारी नावे



जुन्या वस्तूंच्या दुकानात कधी गेलात, तर पितळी भांड्यांच्या राशीपाशी जरा थांबा. डब्याच्या झाकणावर, तांब्याच्या गळ्याशी, परातीच्या काठावर नावे दिसतील. "मामाकडून", "आत्याकडून सप्रेम", खाली तारीख, कधी गावाचे नाव. बारीक छिन्नीने एकेक ठिपका ठोकून ही अक्षरे घातलेली असतात.

भांड्यावर नाव घालायचे एक साधे कारण होते. लग्नकार्यात, पंगतीत भांडी या घरून त्या घरी जात आणि नाव पाहून परत येत. दुसरे कारण मात्र खोल होते. घर, शेत, दुकान पुरुषांच्या नावे असायचे. बाईचे स्वतःचे म्हणजे स्त्रीधन: दागिने, साड्या आणि लग्नात मिळालेली भांडी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. हा कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे. त्याआधीच्या अनेक बायकांचे नाव मालकीण म्हणून कुठे कोरलेले असेल, तर ते या भांड्यांवरच.

अडचणीच्या दिवसात हीच भांडी आधी बाहेर पडत. आपल्या सोलापुरात १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली, आणि १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारला खास वटहुकूम काढून ती ताब्यात घ्यावी लागली. हातावर पोट असलेल्या घरात पगार थांबला की घागर, हंडा, परात यांच्यावरच दुकानदाराकडून धान्य येई. जमीन नसलेल्या घराची तीच ठेव होती.

पुढे स्टील आले. कल्हईची कटकट नको, चिंचेने घासायला नको, म्हणून आपण पितळ मोडीत दिले. बोहारीण दारात येऊन जुन्या साड्यांवर स्टीलचे डबे देऊ लागली. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन फिरणाऱ्या या बाईचा धंदाही घराण्याचाच. ती दारोदार हिंडून जुने कपडे जमवते, घरची माणसे ते निवडतात, धुतात, शिवतात आणि बाजारात पुन्हा विकतात. आपण घासाघीस करतो खरी, पण तिच्यामुळे आपली जुनी साडी कुणाच्या तरी अंगावर जाते.

मोडीच्या तराजूत फक्त वजन मोजतात. तिथून भांडे भट्टीत जाते आणि नाव वितळते. भट्टीच्या वाटेवर त्याला अडवणारा एकच असतो, तो म्हणजे जुन्या बाजारातला दुकानदार. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार असो की मुंबईची मटण स्ट्रीट, तिथे बापाची नजर मुलाकडे येते: काय मोडीचे आणि काय जपण्याचे.

अशीच नजर पुण्याच्या दिनकर केळकरांची होती. त्यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने आयुष्यभर तेच केले. लहानपणीच गेलेल्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले: राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंमध्ये अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्रीसुद्धा आहेत. ज्याला आपण अडगळ म्हणतो, तोच तिथे बायकांचा इतिहास आहे.

आणखी एक सांगते. घरात जुनी हस्तलिखित पोथी किंवा धातूची प्रतिमा असेल, तर ती रद्दीत किंवा मोडीत देऊ नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. आधी मंदिरात किंवा जाणकारांना दाखवा.

अपरिग्रह पाळायचा तर घरात ढीग नकोच. द्यायचे ते जरूर द्या. पण तराजूत टाकण्याआधी भांडे उलटेसुलटे करून नाव वाचा, फोटो काढा, वहीत लिहा: कुणाचे, कुणाकडून, कोणत्या साली. पितळ गेले तरी चालेल. ती बाई कोण होती, हे घरात कुणाला तरी ठाऊक असू द्या.