पुढचा राष्ट्रपती कोण? अंदाज कसा बांधतात, परभणीच्या आकड्यांतून समजून घ्या

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये संपतो. त्याआधी निवडणूक होईल, पण परभणीच्या मतदाराच्या बोटाला शाई लागणार नाही. मत देतात ते निवडून आलेले आमदार आणि खासदार. म्हणून इथे अंदाज लाटेवरून नाही, तर बेरजेवरून बांधतात.

बेरीज कशी करतात?
राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने आणि मग १,००० ने भागलं की एका आमदाराच्या मताचं मूल्य मिळतं. महाराष्ट्रात ते १७५ आहे. जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरीच्या आमदारांचे मिळून ७०० झाले. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचं मूल्यही ७०० होतं. म्हणजे परभणीचे एकूण १,४००. तेव्हा देशाची बेरीज होती १०,८६,४३१. वैध मतांच्या एकूण मूल्यापैकी निम्म्याहून अधिक मिळवणारा जिंकतो.

बेरीज कुठे चुकते?
मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप चालत नाही. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले, अपक्ष व्ही. व्ही. गिरी जिंकले. २००७ मध्ये शिवसेनेने भाजपसोबत युतीत असूनही प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. परभणीची लोकसभेची जागा तेव्हा शिवसेनेकडेच होती.

मग परभणीकरांच्या हाती काय?
२०२४ मध्ये निवडलेल्या लोकसभेची आणि विधानसभेची मुदत २०२९ पर्यंत आहे. त्यामुळे राष्ट्रपती निवडणाऱ्यांना परभणीकरांनी आधीच मत दिलेलं आहे.