सागरापलीकडचे ज्ञानदान : दोन शिक्षक, दोन शिष्य

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांपैकी ज्ञानदान हे सर्वांत दीर्घकाळ टिकणारे, असे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हे दान देण्यासाठी स्वदेश, स्वजन आणि स्वभाषा यांचा निरोप घेऊन जे परक्या भूमीत गेले, त्यांच्या कार्याचे मोल कोणत्या मापाने करावे? एकोणिसाव्या शतकातील दोन शिक्षकांच्या चरित्रांतून या प्रश्नाचे उत्तर मिळते. त्यांतील एक अमेरिकेतून आपल्याकडे आल्या, दुसरे आपल्याकडून अमेरिकेस गेले.

मिस सिंथिया फरार या अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या शिक्षिका. १८२७ च्या जून महिन्यात बोस्टन बंदरातून निघालेल्या या बाई डिसेंबरअखेरीस मुंबईस पोहोचल्या. 'अमेरिकन बोर्ड' या मिशनरी संस्थेने परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक होत. मुंबईतील मुलींच्या शाळांची व्यवस्था हे त्यांचे काम होते. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर अरिष्ट येते, असे मानणारा तो काळ. त्यात बालविवाहामुळे मुलगी शाळेत टिकणे दुर्मिळ आणि परकीय धर्मसंस्थेविषयी पालकांच्या मनात संशय. तो संशय निराधारही म्हणता येणार नाही, कारण धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. अशाही स्थितीत बाई मराठी शिकल्या आणि दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालील शाळांत सुमारे ४०० मुली येऊ लागल्या. १८३७ मध्ये प्रकृतिअस्वास्थ्यामुळे त्या मायदेशी गेल्या. पण १८३९ मध्ये परतल्या आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे स्थिरावल्या. १८६२ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले.

फरारबाईंच्या नगर येथील मुलींच्या शाळेचे काम महात्मा जोतीराव फुले यांनी प्रत्यक्ष पाहिले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. फुले दांपत्याने शिक्षणाची पद्धती घेतली, धर्मांतर मात्र स्वीकारले नाही. दिलेल्या ज्ञानाचे काय करावयाचे, हे घेणाऱ्याने ठरविले. परकीय शिक्षिकेच्या शाळेविषयी संशय धरणाऱ्या समाजात आता याच मातीतील एक स्त्री शिकवू लागली. तिलाही निंदा आणि शेणमाती सोसावी लागली. परंतु ती उपरी आहे, असे कोणास म्हणता आले नाही.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत राहिला नाही. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण मुनिश्री आत्मारामजी महाराज यांना आले होते. पण पादविहाराचे व्रत पाळणाऱ्या साधूंना सागरप्रवास शक्य नव्हता. त्यांनी 'जैन असोसिएशन ऑफ इंडिया'चे मानद मंत्री वीरचंद राघवजी गांधी यांना सिद्ध करून पाठविले. महुव्याचे हे सुपुत्र त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते. परिषद संपली तरी वीरचंदभाई लगेच परतले नाहीत. शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क आदी नगरांत त्यांनी व्याख्याने दिली, जिज्ञासूंसाठी वर्ग चालविले आणि जैन तत्त्वज्ञानासह भारतीय दर्शनांचे अध्यापन केले. समुद्रगमनाबद्दल स्वसमाजातील काहींचा रोष त्यांना पत्करावा लागला, तरीही १८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले. १९०१ मध्ये मुंबईत, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते कालवश झाले.

एवढ्या अल्पायुष्यात काय शिल्लक राहणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लंडनमध्ये त्यांना हर्बर्ट वॉरन नावाचे शिष्य लाभले होते. वॉरन यांनी जैन आचार अंगीकारला आणि गुरूंच्या शिकवणीच्या आधारे १९१२ मध्ये इंग्रजीत जैन तत्त्वांचे विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरूच्या पश्चात आता एक इंग्रज गृहस्थ आपल्या देशबांधवांना त्यांच्याच भाषेत कर्मसिद्धान्त समजावून सांगू लागला.

या दोन्ही चरित्रांत साम्य आहे ते येथे. फरारबाईंनी आपल्या आयुष्याची चौतीस वर्षे वेचली, वीरचंदभाईंना जेमतेम काही वर्षे मिळाली. दोघांचेही कार्य रुजले ते स्थानिक माणसाने हाती घेतले तेव्हाच. आज आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी परदेशी जातात. त्यांपैकी कोणी सेवाभावाने तेथे अध्यापन करू इच्छील, तर त्याने आपण किती वर्ग घेतले याची मोजदाद जरूर ठेवावी. पण आपण परतल्यावर तोच वर्ग तेथील कोण चालविणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून मनाशी बाळगावा. ज्ञानदानाची सफलता त्या उत्तरात आहे.