जुनी शेवर्ले आणि चौथा गिअर

परवा रात्री अमेरिकेतून मामेभावाचा फोन आला. एवढ्या अवेळी फोन म्हणजे मामीच्या तब्येतीचं काही असेल, असं वाटून छातीत धस्स झालं. पण विषय निघाला गिअरबॉक्सचा!

त्याच्याकडे १९५५ची शेवर्ले बेल एअर आहे, व्ही-८ इंजिनाची. दोन वर्षं खपून त्याने ती चालती केली. आता मेकॅनिक म्हणतो, मूळचा 'पॉवरग्लाइड' ऑटोमॅटिक काढून टाकू आणि १९८०च्या दशकातला ओव्हरड्राइव्हवाला बसवू. भाऊ मात्र अडखळला होता. "दादा, तो काढला तर गाडी तीच राहील काय?"

मला गाड्यांतलं फार कळत नाही. पण जुन्या वस्तूत काय ठेवावं आणि काय बदलावं, हा प्रश्न गोव्यात राहणाऱ्या माणसाला रोजचाच. (आमच्या घराची कौलं किती वेळा बदलली, कोण जाणे. घर तेच आहे असं आम्ही मानतो.) त्यामुळे त्या गिअरबॉक्सचा इतिहास खणत बसलो.

जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये 'हायड्रामॅटिक' दिला. क्लचचं पेडल गेलं, गिअर आपोआप पडू लागले. त्यात गिअर चार होते, पण चौथा होता 'डायरेक्ट', म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर मागच्या शाफ्टचाही एकच फेरा. चार गिअर म्हणजे ओव्हरड्राइव्ह, असा समज करून घेऊ नये. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फिरतो. ही कल्पना तशी जुनीच. १९३४च्या क्रायसलर एअरफ्लोला हाताने बदलायच्या गिअरबरोबर ओव्हरड्राइव्ह मिळत असे.

शेवर्लेने १९५० साली पॉवरग्लाइड आणला तो अगदीच साधा. पुढे जायचे गिअर दोनच! चढाला एक, बाकी सगळ्याला दुसरा. पेट्रोल स्वस्त, इंजिनं दांडगी, मग कोणाला पर्वा? १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि अमेरिकन माणूस तासन्‌तास एकाच वेगाने गाडी हाकू लागला. तरी ऑटोमॅटिकचा शेवटचा गिअर डायरेक्टच राहिला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि सगळं बदललं. जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९७५च्या कायद्याने कंपन्यांना बजावलं की १९८५ पर्यंत तुमच्या मोटारींची सरासरी गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर (आपल्या हिशोबाने लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास) न्या. तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांना चौथ्या, ओव्हरड्राइव्ह गिअरची आठवण झाली. फोर्डचा १९८० साली आला, जनरल मोटर्सचा '७००-आर४' १९८२ साली. त्याच्या पहिल्या गिअरचं प्रमाण ३.०६ आणि चौथ्याचं ०.७०.

म्हणजे आज हौशी लोक जुन्या गाडीत जो भाग हौसेने बसवतात, तो मुळात सरकारी कायद्याच्या धाकाने जन्मलेला! मला याची फार गंमत वाटली.

बसवतात ते कसं? शेवर्लेने १९५५ साली जे व्ही-८ इंजिन काढलं, त्याच्या मागच्या तोंडावरच्या बोल्टांची मांडणी पुढे कित्येक दशकं तशीच ठेवली. त्यामुळे भंगारात निघालेल्या ऐंशीच्या दशकातल्या गाडीचा गिअरबॉक्स आजोबांच्या वयाच्या इंजिनाला थेट जोडता येतो. भावाच्या गाडीचा ढोबळ हिशोब मी कागदावर मांडला. ताशी ६० मैलांना तिचं इंजिन मिनिटाला साधारण २६५० फेरे घेतं, नव्या चौथ्या गिअरमध्ये १८५० घेईल. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोलही कमी. शिवाय पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचं प्रमाण १.८२ असल्यामुळे सिग्नलवरून निघताना गाडी रेंगाळते, तेही जाईल.

पण जोडता येतो म्हणजे बसतोच असं नाही. ५५च्या शेवर्लेत इंजिनाचं मागचं वजन इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या घंटेच्या आकाराच्या कवचावर, दोन्ही बाजूंना तोललेलं असतं. नव्या गिअरबॉक्सच्या कवचाला ते कानच नाहीत. म्हणून खाली एक आडवा दांडा नव्याने घालावा लागतो. मागचा शाफ्ट लांबीला जुळत नाही. आणि सगळ्यांत नाजूक म्हणजे कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी एक बारीक केबल. अॅक्सिलरेटर किती दाबला आहे हे तिच्यामुळे गिअरबॉक्सला कळतं आणि तेवढा तेलाचा दाब तो आत तयार करतो. ती ढिली राहिली तर दाब कमी पडतो, आतल्या क्लच-प्लेटा घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळून जातात. अनेकांनी यात पैसे घालवले आणि दोष गिअरबॉक्सला दिला.

आपल्याकडेही हे वेगळ्या रूपात घडलं आहे. नव्वदच्या दशकात अॅम्बॅसेडरला इसुझूचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला, तेव्हा चार गिअरच्या जुन्या गाडीत वाढलेल्या मंडळींना महामार्गावर पाचवा टाकताना झालेला आनंद मी पाहिला आहे. 'मूळची गाडी' वगैरे प्रश्न कोणी विचारला नाही. ती पोटाची गाडी होती. हौसेच्या गाडीला मात्र हा प्रश्न पडतो, आणि तो पडावा असं माझं मत आहे.

मी भावाला फोन केला. म्हटलं, "बसव. पण कुठे कापू नकोस, वेल्डिंग करू देऊ नकोस. दांडा बोल्टांनीच बसव. शाफ्ट दुसरा घे, मूळचा कापून आखूड करू नकोस."

"मेकॅनिक म्हणतो वेल्डिंग स्वस्त पडेल."

"पडेल रे. पण उद्या कोणाला जुना परत बसवावासा वाटला तर?"

काम महिन्याभरात झालं. शेवटी अडलं ते स्टिअरिंगखालच्या अक्षरांच्या पट्टीवर. जुन्या पट्टीवर क्रम आहे पी-एन-डी-एल-आर, म्हणजे रिव्हर्स अगदी टोकाला. नव्या गिअरबॉक्सात रिव्हर्स पार्किंगच्या शेजारी. काटा एक सांगणार आणि गाडी दुसरंच करणार! ती पट्टी तेवढी बदलावीच लागली.

जुनी पट्टी, मूळचा शाफ्ट आणि पॉवरग्लाइड आता त्याच्या गराजच्या कोपऱ्यात आहेत, तेल पुसून, चादरीत गुंडाळून. चादर मामीने म्हापशाहून नेलेली होती. तिला अजून कळलेलं नाही.