कोल्ट कंपनी दोनदा दिवाळखोरीत का गेली? सोप्या भाषेत समजून घ्या

मोबाइलवर शूटिंग गेम खेळत असाल तर एम१६ हे नाव तुम्हाला पाठ असेल. ही रायफल अमेरिकन सैन्याला सगळ्यात आधी पुरवली ती कोल्ट कंपनीने. एवढं मोठं नाव, तरी कंपनी १९९२ आणि २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. मला आधी वाटायचं, सैन्याला बंदुका विकणाऱ्याला पैशांची कसली चणचण? पण माहिती वाचत गेलो तसं गणित कळलं.

सुरुवात कशी झाली?
सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचं अमेरिकन पेटंट घेतलं. त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. नंतर हार्टफर्ड शहरात त्याने मशीनवर सुटे भाग बनवायला सुरुवात केली आणि धंदा वाढला. १९५९ मध्ये कोल्टने आर्मालाइट कंपनीकडून एआर-१५ रायफलचे हक्क घेतले. त्यातूनच एम१६ आली.

मग बिघडलं कुठे?

१. पेटंट संपलं: १९७० च्या दशकात एआर-१५ चं मूळ पेटंट संपलं. मग इतर कंपन्याही तशाच रायफली बनवू लागल्या. ग्राहकाला पर्याय मिळाले आणि कोल्टची मक्तेदारी गेली.

२. एकाच गिऱ्हाइकावर भिस्त: १९८६ मध्ये कामगारांचा संप सुरू झाला, तो चार वर्षं चालला. त्यातच १९८८ मध्ये एम१६ चं कंत्राट एफएन या बेल्जियन कंपनीकडे गेलं. १९९२ मध्ये दिवाळखोरी आली. पुढे एम४ कार्बाइनने कंपनीला सावरलं, पण २०१३ मध्ये तेही कंत्राट एफएननेच जिंकलं.

३. कर्ज: २००९ मध्ये कंपनीने रोखे विकून २५ कोटी डॉलर उभे केले होते. विक्री घटली, पण व्याज काही थांबत नाही. जून २०१५ मध्ये कंपनीने 'चॅप्टर ११' साठी अर्ज केला.

चॅप्टर ११ म्हणजे काय?
हा अमेरिकेतल्या दिवाळखोरी कायद्याचा एक भाग आहे. यात कंपनीला लगेच टाळं लागत नाही. कोर्टाच्या देखरेखीखाली काम चालू ठेवून कर्जाची नव्याने मांडणी करता येते. कोल्ट २०१६ मध्ये यातून बाहेर पडली.

आता कोल्ट कुठे आहे?
२०२१ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड समूहाने कोल्ट विकत घेतली. सौदा २२ कोटी डॉलर रोख आणि काही शेअर्स असा होता. पुढच्या वर्षी समूहाने स्वतःचंच नाव 'कोल्ट सीझेड' केलं. म्हणजे कंपनी विकली गेली, पण तिच्या नावाला अजून किंमत आहे.

माझं मत
नोकियाचे फोन आठवतात? नाव तिथेही घराघरांत पोचलं होतं, तरी बाजार हातातून गेलाच. त्यामुळे एखाद्या कंपनीचा शेअर घेताना किंवा तिथे नोकरी धरताना फक्त ब्रँड बघू नका. कर्ज किती आहे, गिऱ्हाइकं किती आहेत आणि पेटंट संपल्यावर हातात काय उरणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा.